हार घातलेलं सर्टिफिकेट

माझ्या सर्टिफिकेटला आमचा काका रोज सकाळी उदबत्ती ओवाळायचा. खोटं वाटेल, पण अगदी खरं आहे. दुकानाच्या भिंतीवर आधी एकवीरा, मग गणपती, आणि त्यांच्या शेजारी काचेच्या फ्रेममध्ये माझा फार्मसीचा कागद. त्याला चंदनाचा हार. माझी एक मैत्रीण पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा दचकलीच. म्हणाली, "अगो, हे काय? मला वाटलं तू गेलीस का काय!" काका तिच्यावर उखडला. "सरस्वती हाय ती आमच्या घरची," म्हणाला. मी तेव्हा पोट धरून हसले होते. आज तो हार आठवला की अंगाचा तिळपापड होतो.

आमचं गाव समुद्राला चिकटलेलं, बोईसर-तारापूरच्या कारखान्यांच्या अलीकडे. मी सांगतेय ती गोष्ट ऐंशी सालाच्या पुढची. तोपर्यंत गावात औषध म्हणजे किराणावाल्याच्या बिस्किटाच्या डब्यातल्या गोळ्या. डोकं दुखतं, लाल दे. पोट दुखतं, पिवळी दे. त्याहून जास्त काही हवं तर एसटीची वाट बघा आणि बोईसर गाठा. माझे बाबा गेले तेव्हा मी बारावीला होते. पुढे शिकायचं कसलं, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार करायचा, असंच घरात चाललं होतं. तेव्हा काका, म्हणजे बाबांचा थोरला भाऊ, मध्ये पडला. "तिला शिकू दे. आपण गावात औषधांचं दुकान काढू," असं त्याने आईला सांगितलं, आणि मी मुंबईला मावशीकडे राहून डी. फार्म झाले. त्याचे हे उपकार मी नाकारत नाही. नाकारता आले असते तर बरं झालं असतं, नुसतं चिडून मोकळी झाले असते.

दुकान काढलं ती जागा म्हणजे काकाचं सुक्या मासळीचं गोदाम. काकाने जन्मभर तोच धंदा केला होता. बोंबील, जवळा, मांदेली, सगळं ऊन दाखवून कोरडं करायचं आणि पावसाळ्यात विकायचं. त्या खोलीला आम्ही चुना मारला, फरशी घातली, कपाटं आणली, पण वास कुठे जातो? खोकल्याच्या औषधालाही जवळ्याचा वास आहे अशी गिऱ्हाइकांची खात्री होती. मुंबईचा कंपनीचा एजंट यायचा तो नाकाला रुमाल लावून ऑर्डर लिहून घ्यायचा. कारखान्यात कामाला आलेली घाटावरची माणसं गावात खोल्या घेऊन राहायची, ती सुरुवातीला दारातूनच औषध मागायची. पुढे सवय झाली त्यांना.

आमच्या बायका तर भलत्याच. कल्ले उचकटून पापलेट ताजं की शिळं ते सांगणाऱ्या बायका त्या. त्या गोळीसुद्धा हातावर घेऊन फिरवून बघायच्या, नाकाशी धरायच्या. "ताजी हाय ना गो?" म्हणून विचारायच्या. मी म्हणायची, "मावशी, गोळीला कल्ले नसतात, हिची तारीख बघायची." आणि मी खरंच सगळ्यांना तारीख बघायला शिकवलं. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांना आकडे येत होते. बाजार करणारीला आकडे न येऊन चालेल का? वर्षभरात अशी वेळ आली की म्हाताऱ्यासुद्धा बाटली उलटी करून, डोळ्यांशी नेऊन, मग पदरात बांधायच्या.

दुकानात माझा कायदा चालायचा. चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी नाही. तारीख गेलेला माल कपाटात एक दिवस राहणार नाही. सुट्या गोळ्यांच्या बाटलीचं झाकण घट्ट, आत कापूस, हात घालायचा नाही, चमच्याने काढायच्या. खाऱ्या हवेला भिऊन मी कपाटंसुद्धा भिंतीपासून सुटी ठेवली होती. लोक कुरकुरायचे. "शिकलेली बाय लय कडक हाय," म्हणायचे. काका मात्र माझी बाजू घ्यायचा. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा, "आमच्या दुकानात नासका माल नाय मिळणार. आमची पोरगी बघते सगळं." मला वाटायचं, घोड्यावर बसलेय मी.

आता माझ्या धाकट्या भावाबद्दल सांगते, कारण ही सगळी गोष्ट त्याच्याच जिवावर बेतली.

त्याला फिट यायची. पहिली आली ती बंदरावर, जाळं ओढताना. लोकांनी नाकाला कांदा लावला, चप्पल लावली, एकाने तर अंगात आलं म्हणून हळदकुंकू आणलं. मी त्याला पालघरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या सुरू केल्या आणि मला बजावलं, "ह्यात खंड पडता कामा नये. एक दिवससुद्धा नाही. वर्षभर झटका आला नाही, तर मग समुद्राचं बोलू." वर्षभर तो जमिनीवर बसून जाळी विणत राहिला. चोवीस तास कानात लाटा, आणि हा बंदरावर बायकांबरोबर बसलेला. खलाशी चिडवायचे, "काय वैनी, आज काय कालवण?" तो हसून घ्यायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही.

वर्ष सरलं, झटका आला नाही. डॉक्टर म्हणाले, "जा. पण एकटं नाही, आणि गोळी चुकवायची नाही. पुन्हा झटका आला तर समुद्र बंद, मी ऐकून घेणार नाही." त्या नारळी पौर्णिमेला तो बाबांच्या होडीवर चढला, तेव्हा आईने तोंडात पदर कोंबला होता. होडी बाबांची होती. बाबा गेल्यापासून ती खलाशांच्या भरवशावर चालायची, म्हणजे जेमतेम. भाऊ तिच्यावर राहिला तर होडी राहणार, नाहीतर विकायची, हे आम्हा तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. आणि भाऊ तिच्यावर राहणार की नाही ते त्या पांढऱ्या गोळीवर होतं. ती गोळी आमच्याच दुकानातून यायची, मोठ्या बाटलीतून सुटी. महिन्याची पुडी मी आईच्या हातात द्यायची, आणि आई रोज जेवण झाल्यावर पाण्याच्या तांब्यासकट त्याच्यासमोर उभी राहायची. घशाखाली उतरल्याशिवाय हलायची नाही.

दोन मोसम तो समुद्रावर गेला. चांगला तयार झाला. खलाशी त्याचं ऐकायला लागले. तांडेल होणार हा, होडीचा म्होरक्या, असं जुनी माणसं बोलायला लागली होती.

त्याच्या पुढच्या वर्षी हस्ताचा पाऊस कोसळला. वाऱ्याने दुकानावरची कौलं सरकली आणि पाणी नेमकं कपाटावर गळलं. सकाळी मी दुकान उघडलं तर फिटच्या गोळ्यांची बाटली ओली. बाकीच्या बाटल्यांचं काही बिघडलं नव्हतं, हिचं मात्र झाकण नुसतं टेकवलेलं होतं. आदल्या संध्याकाळी काकाने कुणाला तरी गोळ्या काढून दिल्या होत्या. आतला कापूस भिजून गच्च, गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या. मी काकाला म्हटलं, "ही बाटली गेली. एक गोळी वापरायची नाही. खाडीत टाकू नको, पोरं उचलतात. मागे खड्डा करून पूर." काकाने कपाळाला हात लावला. "भरलेली हाय गो जवळजवळ." मी म्हटलं, "भरलेली असू दे नाहीतर सोन्याची असू दे. ओलं लागलं की ह्या गोळ्या पोटात विरघळत नाहीत, नुसत्या जातात आणि येतात." तो म्हणाला, "बरं बाय. तुझ्या गळ्याची शप्पथ, पुरतो."

आणि पुरलीन. मी पालघरहून नवीन बाटली घेऊन आले तेव्हा त्याने मला दुकानामागे नेऊन दाखवलं. नारळाच्या बुंध्याशी माती ताजी उकरलेली, वर मोठा दगड. "कुत्रं उकरील म्हणून ठेवला," म्हणाला. मला केवढं कौतुक वाटलं! ह्या वयात माणूस आपलं ऐकतो, म्हटलं, शिकल्याचं चीज झालं.

दिवाळी होऊन गेली आणि भावाला फिट आली. घरात, जेवता जेवता. ताट उडालं. आईने मला हाक मारली तो आवाज माझ्या अजून कानात आहे. आम्ही कुणाला सांगितलं नाही. भाऊच म्हणाला, "जागरण झालं असेल, ताई. बोलू नको कुठे." पण पुढच्याच उधाणाला तो समुद्रावर असताना आली. डोलीचं जाळं ओढायची वेळ, हा कडेला उभा, आणि तसाच ताठ होऊन पाण्यात गेला. एका खलाशाने अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकली म्हणून सापडला. बंदरावर आणला तेव्हा ओठ निळे होते. मी त्याच्या छातीवर कान ठेवून तिथेच वाळूत बसले होते आणि मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओट्यावर माणसं जमली. खलाशी स्पष्ट बोलले, ह्याच्याबरोबर आम्ही जाणार नाही. ते चुकीचं बोलत होते असं मी म्हणणार नाही, त्यांनाही बायकापोरं होती. पण मग काका उभा राहिला. मला वाटलं, पुतण्याच्या बाजूने चार शब्द बोलेल. तो म्हणाला, "औषधात खोट नाय. औषध आमच्या दुकानातलं हाय, आमच्या पोरीच्या हातचं. पोरगाच गोळ्या थुंकून टाकतो. दारू पितो, आता काय लपवायचं?"

भाऊ उठून उभा राहिला. मग म्हणाला, "काका, मी दारूला शिवत नाय. आयशप्पथ." कुणीतरी मागून हसलं. काका गावातला मोठा माणूस, चार भांडणं सोडवणारा. त्याचा शब्द खोटा कोण म्हणणार? घरी येईपर्यंत माझा भाऊ दारुडा झाला होता. आई दाराच्या आड उभी होती. तिच्या कानावर सगळं आधीच आलं होतं. ती आत जाऊन चूल फुंकत बसली.

मी त्याला घेऊन पुन्हा पालघरला गेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या नियमित घेतो?" मी म्हटलं, आई स्वतः देते. दुसरा प्रश्न, "गोळ्या कुठल्या?" मी ताठ मानेने म्हटलं, "आमच्याच दुकानातल्या, सर. मीच बघते." ते म्हणाले, "मग त्याचा प्रश्नच नाही." येताना एसटीत भाऊ खिडकीशी बसला होता. म्हणाला, "ताई, तू तरी मानतेस ना?" मी म्हटलं, "गाढवा, मी नाही मानणार तर कोण?" पण मग चुकतंय कुठे, हे काही केल्या डोक्यातून जाईना. मुलगा गोळी गिळतोय, गोळी चांगली आहे, आणि फिट येतेय. ह्यातलं काहीतरी एक खोटं असलं पाहिजे.

घरी आल्याबरोबर मी आईकडची पुडी मागितली. कॉलेजात आम्हाला एक साधी परीक्षा शिकवली होती. गोळी पाण्यात टाकायची आणि फुटते का ते बघायचं. चांगली गोळी बघता बघता पिठासारखी पसरते. मी काचेच्या ग्लासात एक टाकली. तळाशी जाऊन बसली. मी बसले बघत. आई भात टाकून आली, गोळी तशीच. चमच्याने दाबली तर टक्क आवाज. खडा नुसता! मी दुसरी टाकली, ती लगेच फुटली. तिसरी पुन्हा खडा. एकाच पुडीत, एकाच बाटलीतून काढलेल्या, दोन जातीच्या गोळ्या. मी एक खडा कोरडा करून नाकाशी नेला. त्याला जवळ्याचा वास येत होता. पण दुकानात सगळ्यालाच तो वास, त्यावरून काय ठरवणार?

मी कुदळ उचलली आणि तडक दुकानामागे गेले. भर दुपार. दगड बाजूला ढकलला, माती ओढली. बाटली होती की जागेवर. झाकण घट्ट लावलेलं. ह्या वेळी बरं आठवलं झाकण लावायचं! बाटली उचलली तर हलकी. आत ओला कापूस सुकून चिकटलेला, आणि बाकी काही नाही. एक गोळी नाही.

रिकामी बाटली पुरून वर दगड ठेवून त्याने मला दाखवलं होतं. हे मला आजही कळत नाही. लपवायचं तर लपवायचं, पण खड्डा खणून, माती लोटून, वर कुत्र्याची काळजी? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. काका दुकानाच्या मागच्या ओट्यावर जेवून पडला होता. मी बाटली त्याच्या उशाशी आपटली. म्हटलं, "गोळ्या कुठायत?"

तो उठून बसला. आधी म्हणाला, कुठल्या गोळ्या. मग म्हणाला, कुणी काढल्या असतील. मग काकी आतून आली आणि तिने बाटली बघितली. ती बिचारी सरळच बोलली. "ओल्या झाल्या होत्या त्या ना? सुकवल्या की. तीन उन्हं दाखवली चांगली. कडकडीत झाल्या, एक नाय नासली." वर माझ्याच तोंडाकडे बघायला लागली, शाबासकी दे म्हणून. तिचं काय चुकलं? आमच्याकडे जे ओलं होतं ते सुकवायचं असतं. बोंबील सुकवतात, जाळं सुकवतात, भिजलेलं भात सुकवतात. जन्मात तिने दुसरं काही केलं नव्हतं. जुन्या साडीवर जवळा पसरतात तशाच पसरल्या तिने माझ्या भावाच्या गोळ्या, आणि कडकडीत झाल्या म्हणून खूश झाली. कडक झाल्या तीच तर बोंब होती!

पण काकाला मी सांगितलं होतं. शब्दन् शब्द सांगितलं होतं, पोटात विरघळत नाहीत म्हणून. मी माल आणायला पालघरला जायची ते दिवस बघून त्याने गोळ्या उन्हात काढल्या होत्या. मी आणलेल्या नव्या बाटलीत त्याने त्या कालवल्या होत्या. मी म्हटलं, "तू गळ्याची शपथ घेतलीस माझ्या." तो म्हणाला, "भरलेली बाटली मातीत घालायला हात धजला नाय गो. ऊन दाखवल्यावर काय राहतंय त्यात?" मी म्हटलं, "मग माझ्यापासून का लपवलंस?" तो बाटली उशापासून बाजूला सारायला लागला. मी म्हटलं, "आणि ओट्यावर उभा राहून त्याला दारुडा म्हणालास! तुला ठाऊक होतं, त्याच्या पोटात काय जातंय ते!" तेव्हा काका ओरडला, "मग काय दुकानाचं नाव घालवू? तुझंच नाव हाय भिंतीवर!"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. माझं नाव वाचवायला माझ्या भावाला बुडवलं, आणि वर ते मलाच ऐकवायचं.

मी पुढच्या दाराने दुकानात शिरले, स्टुलावर चढले आणि फ्रेम खाली काढली. हार ओढून तिथेच टाकला. काका मागे मागे येत म्हणत होता, "अगो, असं नको करू, लोक काय बोलतील?" मी म्हटलं, आता लोकच येऊ देत. देवळाच्या ओट्यावर पाण्याचा ग्लास ठेवते, गावासमोर दोन गोळ्या टाकते, बघू देत सगळ्यांना कोण दारुडा आहे ते.

मला थांबवलं कुणी? भावाने. आवाज ऐकून तो आला होता. त्याला मी सगळं सांगितलं, वाटलं उड्या मारील. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "नको ताई. गावात नको नेऊ. झालं ते झालं." मी म्हटलं, "अरे, तुझ्यावर बालंट आलंय!" तो म्हणाला, "असू दे. तुला माझी शप्पथ, कुणाला विचारत बसू नको." मला इतका राग आला त्याचा! भित्रा म्हटलं, नेभळट म्हटलं. तो खाली मान घालून फ्रेम उचलून घरी घेऊन गेला. शपथ घातली होती म्हणून मी गप्प बसले.

पुढचं सगळं सरळ झालं, म्हणजे उलटं झालं. फार्मासिस्ट नाही म्हणून दुकान बंद पडलं. गावाला कारण ठाऊक नव्हतं, तेव्हा शिव्या मला. "काकाने शिकवली आणि तिनेच दुकान बुडवलं." ज्यांना मी तारखा बघायला शिकवल्या त्या बायका माझ्यासमोरून मान फिरवून जायच्या. काकाने थोड्याच दिवसांत बोईसरकडच्या कुणाचं तरी सर्टिफिकेट आणून टांगलं. तो माणूस गावाने कधी पाहिला नाही. नवा हार आला, उदबत्ती चालू झाली, लोक पुन्हा पायरी चढायला लागले. मी तारापूरच्या एका औषध कारखान्यात तपासणी विभागात लागले. दिवसभर गोळ्या पाण्यात टाकून फुटतात का बघायचं, हेच काम. नशीब कसं वाकुल्या दाखवतं बघा.

भावाला मी बोईसरहून गोळ्या आणून द्यायला लागले, सीलबंद. त्याला त्यानंतर फिट आली नाही. पण डॉक्टरांनी समुद्र बंद केला तो केलाच, आणि केला नसता तरी कुठला खलाशी त्याच्याबरोबर गेला असता? होडी विकली. तिला दुसऱ्याने रंग मारून नवीन नाव दिलं, ती आमच्या दारावरूनच बंदराकडे जायची. भाऊ कुंभवलीला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाला. खाकी कपडे, हातात दांडा. समुद्र तिथून दिसत नाही, वारा आला तर केमिकलचा येतो. पोरी सांगून आल्या की गावातलं कुणीतरी पिण्याबद्दल सांगून यायचं. त्याचं लग्न उशिरा झालं, लांबच्या गावची केली.

काका गेला तेव्हा मी दारात जाऊन आले. रडू आलं नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आई थकली होती तेव्हाची गोष्ट. मी सुट्टीला घरी बसले होते. अंगणात बोंबील घातले होते आणि आई काठी घेऊन कावळे हाकलत होती. हाकलता हाकलता सहज बोलावं तसं बोलली, "तवा पण मीच बसले होते."

मी म्हटलं, "केव्हा?"

"त्या गोळ्या घातल्या होत्या तवा. तुझी काकी एकटी किती बघणार? कावळे चोची मारीत होते. भाऊजी बोलले, बाय पालघरला गेली हाय तवर होऊ दे, तिला सांगू नको, फेकून देईल. मी नाय सांगितलं."

माझ्या हातातला चहा निवला. मी विचारलं, "आई, तो दारू पितो म्हणून काका बोलला, तेव्हा तरी?" ती म्हणाली, "तवा मला कुठं ठाऊक होतं गोळ्यांनी होतं म्हणून?" मी म्हटलं, "आणि नंतर? मी बाटली उकरून काढली, त्यानंतर?" आईने काठी खाली ठेवली. म्हणाली, "मग कसं सांगू? मीच दिल्या होत्या ना त्याला. रोज. तोंड उघडून बघायची, गिळली का म्हणून." मग काठी पुन्हा उचलत म्हणाली, "त्याला ठाऊक होतं. बंदरावरून आला तवा मला बसलेली बघितलीन. तू बाटली उकरलीस त्या रात्री तोच बोलला, ताईला कळू देऊ नको, आये. ती सगळ्या गावाला सांगेल."

म्हणजे म्हणून घातली होती शपथ. आईचं नाव ओट्यावर निघू नये म्हणून तो दारुडा झाला, वॉचमन झाला, माझ्याकडून नेभळट ऐकून घेतलं. आणि मी वर्षानुवर्षं त्याच्यासमोर बसून काकाला शिव्या घालत होते, तेव्हा तो आणि आई दोघंही जेवत होते, मला भात वाढत होते.

आईचा राग करता येत नाही. भावाचा तर नाहीच नाही. पण कुणी विचारलं तर मी सरळ सांगेन, काकाने फसवलं ते मी सोसलं. हे अजून सोसवत नाही. काकाला ठाऊक, काकीला ठाऊक, आईला ठाऊक, भावाला ठाऊक. अख्ख्या घरात ठाऊक नव्हतं ते एकटीलाच, जिचं नाव भिंतीवर होतं.

ती फ्रेम अजून आईच्या खोलीत आहे. भावाने त्या दिवशी आणून ठेवली तशीच, भिंतीकडे तोंड करून. मी ती पुन्हा कधी टांगली नाही.